मामांचा न्यूमोनिया कुठून आला

सिरसाळ्याहून परत आले तेव्हा माझ्या घशात खवखव होती. भावाच्या मुलीचं बारसं होतं, माणसं पुष्कळ जमली होती आणि त्या दिवशी माहेरच्या घरात निम्मी माणसं शिंकत होती. केजच्या स्टँडवर उतरेपर्यंत अंग कसकसायला लागलं. रात्रीतून ताप भरला. दोन-तीन दिवस अंथरुणात काढले आणि मग उठून कामाला लागले, कारण मी ज्या शाळेत शिकवते तिथं स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती आणि नाच बसवायचं माझ्याकडे होतं. ताप गेला. खोकला मात्र मागे राहिला.

त्याच आठवड्यात मामा आजारी पडले. मामा म्हणजे माझे सासरे. आमचं बाजारपेठेत दुकान आहे, रिकामी पोती, सुतळी, कासरे, ताडपत्र्या असल्या मालाचं. मामा सत्तरी ओलांडलेले, पण दुकानात गादीवर टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तर ते सुतळीचे गुंडे सरळ करत बसायचे. असा माणूस एका दुपारी दुकानातून घरी आला, टोपी खुंटीला न लावता पलंगावर टाकली आणि म्हणाला, "डोकं लई ठणकायलंय."

घरात सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी माझा चहा वेगळ्या ग्लासात आला. मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि हाताने खूण केली, इथून घे. सासूबाई मामांच्या कपाळाला बाम चोळत होत्या. चोळता चोळता भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "बारश्याला गेलं न्हाई तर काय बाळाचं नाव ठिवायचं ऱ्हातंय का? शाळंत पोरांचा खोकला हायेच, त्यात आनी हे."

मी ऐकलं. मलाही तेच वाटत होतं. खोकत खोकत मीच मामांना दोन वेळा जेवण वाढलं होतं.

केजच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला. उजव्या बाजूला खाली पांढरा डाग होता. न्यूमोनिया, ते म्हणाले, आणि दोन्ही वेळची इंजेक्शनं सुरू केली. त्यांचं काही चुकलं नाही, हे पुढे लातूरच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. अशा वेळी बहुतेक माणसांना ज्या जंतूने न्यूमोनिया होतो त्याच्यावर चालणारं औषध आधी देतात, आणि बहुतेक माणसं त्यानं बरी होतात. मामा झाले नाहीत. ताप उतरेना. डोकं असं दुखायचं की उजेड नको म्हणायचे. खोकला कोरडा, आतून खरवडल्यासारखा. आणि दम. माणूस पलंगावरून उठून न्हाणीपर्यंत जायचा आणि उंबऱ्यावर बसून राहायचा.

माझं मन कशातच लागत नव्हतं. शाळेत पोरींना पावलं शिकवताना मी मध्येच थांबायचे आणि फोन बघायचे. भाकरी थापताना पलीकडच्या खोलीतला त्यांचा श्वास ऐकायचे. खोकल्याची उबळ आली की पदर तोंडात कोंबून मागच्या अंगणात पळायचे, कारण मी खोकले की घर गप्प व्हायचं. तिथं उभी राहून मी हिशेब लावत बसायचे, कुठल्या दिवशी त्यांच्या किती जवळ गेले होते, ताट देताना तोंड कुठं होतं. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं, "माझ्यामुळंच झालं का हो?" ते फोनवर लातूरच्या दवाखान्याची चौकशी करत होते. म्हणाले, "आता ते सोड. गाडी सांगितलीय मी."

लातूरला सोबत कोण जाणार यावरून थोडं झालं. मोठे दीर दुकान सोडू शकत नव्हते, तुरीचा हंगाम होता, पोत्यांना तेव्हाच मागणी असते. सासूबाई निघाल्या होत्या, पण अक्कांनी त्यांना अडवलं. "तुमचं वय काय, मामी? तुमाला लागलं म्हंजी?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला तर होऊन गेलंय. तिलाच जाऊ द्या."

अक्का वाईट नाहीत. त्यांना वेगळीच धास्ती होती. त्यांच्या मुलीला बघायला उमापूरचे पाहुणे यायचे होते. मामांना गाडीत बसवताना त्या माझ्या कानाशी आल्या, तोंडाला पदर लावून. "डॉक्टर टीबीचं काय बोलले तर फोनवर सांगू नको. फोन घरात कुनीबी उचलतंय, पाव्हन्यांच्या कानावर जाईल." मी मान हलवली. तोवर माझ्या डोक्यात टीबी आलाच नव्हता. मांजरसुंब्याकडून येणारे ट्रक आमच्या गाडीला खेटून जात होते, मामांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि रस्ताभर माझ्या मनात एकच शब्द फिरत राहिला.

लातूरच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. बुटक्या, भरभर चालणाऱ्या. त्यांनी मामांना ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, नाकात काडी घालून नमुना घेतला, बेडका टीबीच्या तपासणीला पाठवायचा म्हणाल्या. बेडका काही पडेना, शेवटी वाफ देऊन थोडासा मिळाला. हे सगळं चाललेलं असताना मी दाराशी उभी होते आणि मला उबळ आली. त्या गर्रकन वळल्या.

"तुम्ही कधीपासून खोकताय?"

मी सांगितलं. बारसं, ताप, सगळं. आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "माझ्यामुळंच झालंय मॅडम त्यांना."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मास्क का नाही लावलेला? आधी मास्क लावा. आणि या इकडे, तुमचाही नमुना घेते."

नंतर बाहेरच्या बाकावर त्यांनी मला आणि सोबत आलेल्या ह्यांना समजावून सांगितलं. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत बोटाने आखत. न्यूमोनिया म्हणजे एक रोग नाही, त्या म्हणाल्या. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक बारीक पिशव्या सुजतात, त्यात पाणी, पू साठतो, त्या अवस्थेचं ते नाव. ती अवस्था कोण आणतं ते मात्र दर वेळी वेगळं. जिवाणू आणतात, ते सगळ्यांत जास्त. फ्लू, करोना यांच्यासारखे विषाणू आणतात. काही वेळा बुरशी असते. टीबीही असा येऊ शकतो. काही जंतू माणसाकडून माणसाला जातात, काही पाण्याच्या तुषारातून, काही जनावरांकडून, आणि काही तर आपल्याच घशात गप बसलेले असतात, अंगातली ताकद कमी झाली की खाली उतरतात.

"मग घरात एकाला झालं आणि मागून दुसऱ्याला झालं तर ते एकच असतं का?" मी विचारलं.

"असतं पुष्कळदा. पण नसतंही. म्हणून तर शोधायचं."

ते शोधणं फार सावकाश चालायचं. टीबीचा निकाल आला, नाही निघाला. ह्यांनी ताबडतोब घरी फोन लावला आणि पलीकडून अक्कांचा रडण्याचा आवाज मला बाकावर बसून ऐकू आला. रक्तात जंतू वाढतोय का ते बघायला ठेवलं होतं, काही वाढलं नाही. करोना नाही. आणि मामांचा ताप तिथंच. एक गेलं, दुसरं गेलं, की आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक "नाही" बरोबर वाटायचं, मग आहे तरी काय. मी पॅसेजमध्ये येरझारा घालायचे. रखवालदार म्हणायचा, ताई बसा की. बसले की पाय हलायचे.

माझा नमुना फ्लूचा निघाला. मामांचा नाही.

ते ऐकलं आणि मी भिंतीला टेकले. पण डॉक्टरीणबाईंनी मला पुरतं टेकू दिलं नाही. "एवढ्यावरून पक्कं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचा नमुना उशिरा घेतलाय. आजार जुना झाला की नाकात सापडत नाही कधी कधी. आणि फ्लू येऊन गेल्यावर मागून दुसरा जंतूही शिरतो. पण चित्र मला फ्लूचं वाटत नाही. इतकं डोकं दुखणं, कोरडा खोकला, आणि एवढ्या तापात नाडी हवी तेवढी पळत नाही. मला जरा वेगळं विचारू द्या."

मामांच्या पलंगापाशी उभ्या राहून त्यांनी विचारायला सुरुवात केली. "घरात शेळ्या आहेत? गाय? कोणी व्यालं अलीकडे?"

"न्हाई," हे म्हणाले. "जनावरं न्हाईत आमच्याकडं."

"कोंबड्या? पोपट? कुठले पक्षी?"

"न्हाई. आमचं बारदानाचं दुकान हाय."

"पोती कुठं ठेवता?"

"मागं गोदाम हाय. पत्र्याचं."

आणि तेव्हा मला ते उपरणं दिसलं. म्हणजे डोळ्यांसमोर आलं. सिरसाळ्याला जायच्या आधी एक दिवस मी कपडे धूत होते. मामांचं उपरणं भिजत घालायला झटकलं तर त्यातून पांढुरकी धूळ उडाली, चुन्यासारखी, आणि एक राखाडी पीस उडून माझ्या ओल्या हाताला चिकटलं. मी विचारलं होतं, "मामा, कुठं गेलता हो? एवढी घान!" ते म्हणाले होते, "कुठं न्हाई, दुकानातच की." मी पुढे विचारलं नाही, मला बारशाची बॅग भरायची होती.

"कबुतरं आहेत," मी म्हणाले. "गोदामाच्या माळ्यावर. पत्र्याला फटी आहेत, कैक वर्षं तिथं बसतात. मामांनी माळा झाडला असेल."

"छ्या," हे म्हणाले. "आप्पा कशाला चढतेत वर? मागच्या साली शिडीवरनं घसरले तवापासून आयनं शपथ घातलीय त्यांना."

डॉक्टरीणबाई वाकल्या. "बाबा, माळा झाडला का तुम्ही?"

मामांनी डोळे मिटून घेतले. मास्कच्या आत वाफ धरत होती, जात होती. मला वाटलं झोपले. मग त्यांनी एकदाच मान हलवली. हो.

"आप्पा!" ह्यांचा आवाज चढला. "हमाल हायेत ना? कावून चढलात तुमी?"

"हमाल येत न्हवते," मामा मास्कमधून म्हणाले. "तुरीला माळ्यावरची पोती पायजे होती."

"कोरडंच झाडलं? पाणी न मारता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खराट्यानं."

त्या सरळ झाल्या. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली तर पक्ष्यांकडचा एक जंतू फुप्फुसात शिरू शकतो, त्यांनी सांगितलं. तो दुर्मीळ, पण असतो. केजला दिलेल्या इंजेक्शनांना तो दाद देत नाही, त्याला दुसरं औषध लागतं, साधंच, जुनं. कबुतरांच्या घाणीत बुरशीही असते, म्हणून त्यांनी छातीचा स्कॅन करून घेतला आणि रक्ताचा नमुना पुण्याला पाठवला. पण निकालाची वाट बघत बसणार नाही, म्हणाल्या. औषध त्याच दुपारी सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी काही फरक नव्हता. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून ठेवून माझाच हात गरम झाला की ते, हे मला कळेनासं झालं. आता तर मला वेगळीच भीती लागली होती, कबुतरांचं मी सांगितलं आणि ते चुकीचं निघालं तर? त्यापायी खरं कारण मागे पडलं तर? दुपारी डॉक्टरीणबाई दिसल्या की मी उठून उभी राहायचे, त्या हाताने बस म्हणायच्या.

त्याच्या पुढच्या सकाळी मामांनी पोहे मागितले. दवाखान्याच्या दारातल्या गाड्यावरून आणले, तर म्हणाले, शेंगदाणे कमी हायेत. हे हसायला लागले आणि हसता हसता बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मी मामांच्या अंगाला हात लावला, गार होतं. डोकं दुखतंय का विचारलं तर मामा म्हणाले, "दुखायचं ते डोकं येगळंच व्हतं, हे माझं हाय."

पुण्याचा निकाल आम्ही केजला परतल्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, संशयास्पद आहे. हो म्हणण्याइतकं नाही, नाही म्हणण्याइतकंही नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन ताडून बघता आलं असतं, पण औषध लागू पडलंय, माणूस बरा आहे, तर तुमची इच्छा. आणि एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली, की बऱ्याच जणांच्या न्यूमोनियाचा जंतू शेवटपर्यंत सापडत नाही. सगळे तपास करूनसुद्धा. मला ते ऐकून झोंबलं. मला नाव हवं होतं, घरात जाऊन सांगता येईल असं.

कारण घरात काही बदललं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना सासूबाई सांगायच्या, "थंडी बाधली. आनी घरात खोकला आलता बाहेरून." बाहेरून म्हणताना त्या माझ्याकडे पाहायच्या नाहीत, पण पाहुणे पाहायचे. ह्यांनी कबुतरांचं काढलं तर अक्का म्हणाल्या, "इतकी वर्षं कबुतरं हायेत, कुनाला काय झालं?" मामा पलंगावर बसून ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. शपथ मोडून शिडी चढले हे सासूबाईंना अजून ठाऊक नव्हतं. ह्यांनीही सांगितलं नव्हतं. "आत्ताच उठलेत, लगेच भांडण नको," म्हणाले. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, परीक्षा झाल्यावर राजीनामा देता येतो का.

गोदामाचं काम ह्यांनी आणि दोन हमालांनी केलं. आधी पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून. फटींना जाळी ठोकली. मी ते बघायला गेले नाही. पक्ष्यांचा राग यावा असं मला वाटत होतं, तोही येईना.

महिना-दीड महिन्याने मामांना पुन्हा लातूरला दाखवायचं होतं. ह्यांना दुकान होतं, मीच घेऊन गेले. फोटोत डाग गेला होता, कोपऱ्यात धुरकट रेघ राहिली होती, तीही जाईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. येताना आम्हाला एसटीत खिडकीची जागा मिळाली. अंबाजोगाई मागे पडल्यावर गाडी रिकामी झाली. मामा उसाचे फड बघत होते. मी खूप दिवस मनात घोळवलेलं एकदम बोलून गेले.

"मामा, मला घरात बोलतेत. तुम्हाला ठाऊक होतं तुम्ही माळ्यावर गेलता. मग कावून सांगितलं न्हाई?"

त्यांनी खिडकीची काच थोडी सरकवली. मला वाटलं ऐकलं नाही, मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. "तवाबी ऐकत होतो. ताप होता, बहिरा न्हवतो." मग उपरण्याने तोंड पुसलं. "भ्यालतो पोरी. एकदा का घरच्यांना कळलं की म्हातारा अजून शिडी चढतोय, की मग दुकानात बी पाय टाकू देनार न्हाईत. घरी बसून काय करू मी? आधी वाटलं, डोकं तर दुखतंय, जाईल. मग बोलायला दमच उरला न्हाई. मग दिवस गेले."

मला राग आला. आणि त्या माणसाला धरून ठेवावं असंही वाटलं, वळणावर ते सीटवरून सरकत होते. मी दंड धरला.

"आता सांगू का?" त्यांनी विचारलं.

आधीचा माझा स्वभाव असता तर मी म्हणाले असते, राहू द्या. त्यांना जिथं दुखतंय तिथं कशाला बोट लावायचं. पण मी म्हणाले, "सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी सांगितलं. भाकरी मोडता मोडता, कुणाकडे न बघता. "माळ्यावर मीच गेलतो. खराट्यानं झाडलं. लई धूळ नाकातोंडात गेली. हिचं काय न्हाई त्यात." सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. आधी त्यांना शपथच आठवली. "माझ्या गळ्याची आन घेतलीवती तुमी!" आणि त्या ताट सोडून उठल्या. पुढे दोन दिवस त्यांनी मामांशी अबोला धरला. राजीनाम्याचं मात्र पुन्हा काढलं नाही. शिडी दिरांनी उचलून शेजारच्यांकडे ठेवली, पण दुकान मामांकडून कुणी काढून घेतलं नाही. ते तेवढं उगाच भ्याले होते.

अक्का भांडी आवरताना माझ्याजवळ आल्या. "डॉक्टरनं पक्कं सांगितलं का गं, कबुतरंच म्हनून?"

खोटं बोलायचं झालं असतं तर तेव्हाच. मी म्हणाले, "न्हाई अक्का. पक्कं कुणालाच कळलं न्हाई."

"मंग खोकल्याचंबी असंल," त्या म्हणाल्या, आणि ताटं पालथी घालू लागल्या.